सासूबाईंच्या पेट्यांतल्या वस्तू घरात कशा मांडाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण कसब्यातला वाडा विकल्यानंतर सासूबाईंच्या दोन पेट्या आणि एक फडताळ भरून वस्तू तुमच्या विजापूर रस्त्यावरच्या सदनिकेत आल्या आहेत. त्यांत पितळी लमाणदिवे (साखळीने टांगायचे दिवे), समया, तीन अडकित्ते, पानाचा डबा, बिदरी कामाची एक सुरई, यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच काठी) पेलणाऱ्या सासऱ्यांची बाराबंदी (बारा बंदांचा पांढरा अंगरखा), त्यांचा गिरणीचा पितळी बिल्ला, जुन्या चादरी, देवादिकांच्या दोन छापील तसबिरी आणि डबाभर नाणी आहेत. मोजणी केली तेव्हा १४० भरल्या. दिवाणखान्याच्या भिंतीला काचेचे कपाट करून त्यात सगळ्याच मांडाव्यात का, त्याआधी चिंचेने घासून लख्ख कराव्यात का, आणि मुलगा म्हणतो त्याप्रमाणे हा नुसता पसाराच आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

सोलापुरात तीस वर्षे मी तसबिरी मढवण्याचे आणि लोकांच्या घरी अशा वस्तू मांडून देण्याचे काम करतो. स्वतः अडकित्ते जमवतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकतो. कपाट अवश्य करा, पण त्यात एका वेळी पंधरा-वीस वस्तूच ठेवा आणि बाकीच्या विश्रांतीला पाठवा. चिंचेला हात लावू नका. मुलाच्या म्हणण्याकडे शेवटी येतो.

कमी मांडा, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझ्याकडे एकेकाळी लाल मखमलीवर ओळीने लावलेले ६२ अडकित्ते दर्शनी भिंतीवर होते. येणारा प्रत्येक जण 'केवढे हो हे!' म्हणायचा आणि लगेच चहाकडे वळायचा. वाईट वाटण्याची गोष्ट अशी की मीही ते पाहणे सोडून दिले होते. भिंतीला जसा रंग असतो तसे ते झाले होते. एका हिवाळ्यात भिंत रंगवायला काढली तेव्हा सगळे उतरवून पेटीत ठेवले आणि करमेना म्हणून चारच अडकित्ते मेजावर मांडले. त्यांतला एक राघूच्या आकाराचा. तो माझ्याकडे बारा वर्षे होता, पण राघूच्या डाव्या डोळ्याच्या जागी पितळेची नव्हे तर तांब्याची खीळ आहे, हे मला त्या आठवड्यात दिसले. कोणीतरी कधीतरी ती दुरुस्त केलेली होती. खीळ मारताना हातोडीचा एक घाव चुकून चोचीच्या मुळाशी पडलेला आहे, आणि पुढे पन्नासेक वर्षांच्या हाताळणीने त्या घावाच्या कडाही गुळगुळीत झाल्या आहेत. संग्रहाचा आनंद म्हणतात तो मला त्या तांब्याच्या खिळीत सापडला आणि त्या दिवसापासून माझ्या भिंतीवर सातच्या वर अडकित्ते नसतात.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. चैत्रगौरीपुढची आरास महिनाभर असते आणि मग तबके, खेळणी, चांदीच्या वाट्या पुन्हा डब्यात जातात. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या यात्रेतले सात नंदीध्वज जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, मिरवणुकीने बाहेर पडतात तेव्हा सगळे शहर रस्त्यावर येते. ते वर्षभर चौकात उभे असते तर आपण त्यांच्या शेजारून स्कूटरने निघून गेलो असतो. म्हणून १४० वस्तूंचे सहा-सात गट करा आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक गट बाहेर काढा. गट करताना धातू एकीकडे, कापड एकीकडे अशी विभागणी सुचेल. ती साठवणुकीसाठी योग्य आहे, मांडणीसाठी नीरस. मांडताना ज्या वस्तू एकमेकींशी बोलतात त्या जवळ ठेवाव्यात. पानाचा डबा, चुनाळे आणि अडकित्ता एका फळीवर आले की पाहणाऱ्याला सासूबाईंची दुपार दिसते. बिल्ला आणि बाराबंदी शेजारी ठेवली तर एकाच माणसाचे वर्षाचे दोन पोशाख दिसतात, एक गिरणीच्या फाटकातला आणि एक यात्रेतला. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली आणि पुढची शंभर वर्षे या शहराचा दिवस भोंग्यावर चालला, हे सांगायला त्या बिल्ल्यावरचा आकडा पुरेसा आहे.

आता कपाटाविषयी. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात निवडलेली भिंत पश्चिमेची दिसते आणि तिच्या बाजूला गॅलरीचा सरकता दरवाजा आहे. ती जागा सोडा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पश्चिमेची बाहेरची भिंत रात्री दहापर्यंत गरम असते आणि तिला टेकलेल्या बंद काचेच्या कपाटात अक्षरशः भट्टी होते. कापड, कागद आणि जलरंग यांच्यासाठी संग्रहालयांत सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवतात, तैलचित्रांसाठी १५० ते २००. सरकत्या दरवाज्याजवळ दुपारी याच्या कितीतरी पट उजेड असतो. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि भरून येत नाही. ५० लक्सखाली चार तासांत जेवढी झीज होते तेवढी २०० लक्सखाली एका तासात होते, म्हणजे पडदा ओढून ठेवणे हा कंजूषपणा नसून आयुष्य वाढवणे आहे. मोबाइलवर प्रकाश मोजणारे ॲप मिळते. ते काटेकोर नसते, पण खोलीतली कोणती भिंत सगळ्यांत अंधारी आहे एवढे नक्की सांगते. माझ्या अंदाजाने तुमच्या घरात ती जेवणाच्या टेबलामागची आतली भिंत आहे. कपाटात दिवा हवाच असेल तर लहान एलईडी घ्या, त्याला वीज पुरवणारी, तापणारी पेटी कपाटाच्या बाहेर ठेवा आणि पाहुणे आल्यावरच तो लावा.

सोलापूरकरांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, ती म्हणजे कूलर. आपली हवा मुळात कोरडी आहे आणि धातूला व कापडाला ती मानवते; कोकणातल्या संग्राहकांना आपला हेवा वाटावा इतकी. मात्र एप्रिलमध्ये आपण खिडकीत कूलर बसवतो, त्याचा ओला झोत तीन महिने समोरच्या भिंतीवर सोडतो, रात्री तो बंद करतो आणि हवा पुन्हा खडखडीत होते. हा रोजचा चढउतार सततच्या दमटपणापेक्षा वाईट. त्याने लाकडाचे सांधे उकलतात, तसबिरीचा कागद लाटांसारखा फुगतो आणि लोखंडी पात्यांवर गंजाचे ठिपके येतात. कपाट कूलरच्या झोतात येणार नाही अशा जागी असू द्या. सुताराकडून ते नवे करून घेतलेत तर पॉलिश झाल्यावर किमान महिनाभर दारे उघडी ठेवा. नव्या प्लायवूडची आणि पॉलिशची वाफ बंद काचेत कोंडली की धातू काळवंडतो. फळ्यांवर रबराची चटई किंवा लोकरीचा फेल्ट घालू नका, कारण त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. साधे, धुतलेले सुती कापड उत्तम.

चिंचेचे कारण आता सांगतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थाने घासले की वरचा मळ जातो, पण त्याबरोबर पृष्ठभागातले जस्तही विरघळते आणि तांबे मागे राहते. घासलेल्या समईवर जी गुलाबीसर झाक येते ती स्वच्छतेची खूण नसून जस्त गेल्याची खूण आहे. शिवाय दर घासणीत थोडी नक्षी जाते. लमाणदिव्यावरच्या मोराचा पिसारा सपाट झालेला दिसतो, तो बहुतेक वेळा कारागिराने तसा केलेला नसतो, चार पिढ्यांच्या सणासुदीने केलेला असतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतः एक ओतीव दीपलक्ष्मी चिंच-मिठाने चमकवून ठेवली होती. तिच्या चेहऱ्यावरची जुनी तपकिरी छटा गेली ती आजतागायत परत आलेली नाही आणि ती मूर्ती दुकानातून कालच आणल्यासारखी दिसते.

यावर तुम्ही म्हणाल की दिवा घासायचा नाही तर तो दिवा कसला. ते खरे आहे, आणि म्हणून माझा सल्ला असा की एक समई देवघरात लावती ठेवा, ती दर सणाला हवी तशी घासा आणि त्याबद्दल मनात अपराधी भाव ठेवू नका, कारण ती वापरातली वस्तू आहे. संग्रहातल्या वस्तू मात्र मऊ कुंच्याने झाडा, सुती फडक्याने पुसा, जुने चिकट तेल असेल तर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून पुसून काढा आणि लगेच कोरड्या करा. बोअरचे पाणी वापरू नका. त्यातले क्षार खाचांत बसतात. जुनी गर्द छटा आणि कळंक यांत फरक ओळखायला शिका. घट्ट बसलेला तपकिरी किंवा काळसर थर वस्तूचे रक्षण करतो. फिकट हिरवी, नखाने उडणारी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी येत असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल तर तो धातूचा आजार समजावा. अशी वस्तू वेगळी काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि संग्रहालयात जतनाचे काम करणाऱ्या जाणकाराला दाखवावी.

बिदरी सुरईच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. शेजारच्या बीदरचे हे काम बहुतांश जस्त आणि थोडे तांबे अशा मिश्रधातूवर चांदी ठोकून बसवून केलेले असते, आणि तिचा काळा रंग बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने आणलेला असतो. तो रंग वरवरचा आहे. चांदी उजळण्यासाठी पॉलिश फासले की काळी पार्श्वभूमी राखाडी होते आणि सुरई ओळखू येत नाही. कोरड्या मलमलीने पुसा, फारच निस्तेज वाटली तर फडक्याला तेलाचे बोट लावून काळ्या भागावरून फिरवा आणि जादा तेल टिपून घ्या. अडकित्त्यांच्या लोखंडी पात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब वर्षातून दोनदा पुरतो.

बाराबंदीविषयी मला जरा जास्त लिहावेसे वाटते, कारण तुमच्या १४० वस्तूंत मला सर्वांत मोलाची तीच वाटली. छायाचित्रात तिचा एक बंद तुटलेला आहे आणि कमरेजवळ कापड विरलेले आहे. नंदीध्वज पेलणाऱ्याच्या अंगरख्याला कमरेशी अशी घसट पडणे साहजिकच आहे, म्हणजे ती विरलेली जागा हीच त्या वस्तूची सही आहे. तिथे रफू करू नका आणि बारावा बंद नव्याने शिवू नका. पहिले काम म्हणजे खळ काढणे. यात्रेसाठी कडक इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडात खळ राहते, आणि कसर व झुरळे खळीवरच येतात. तीच खळ वर्षांनंतर घडीवर पिवळी रेघ उमटवते. मोठ्या परातीत गाळलेले साधे पाणी घ्या, खाली मच्छरदाणीचा तुकडा पसरून त्यावर बाराबंदी ठेवा, न चोळता तासभर भिजू द्या आणि पाणी तीन-चार वेळा बदला. उचलायची ती जाळीसकट, बंद धरून नव्हे. सावलीत आडवी वाळवा. इस्त्री नको, नीळ नको, खळ तर नकोच.

ती मांडायची असेल तर खिळ्याला किंवा हँगरला टांगू नका, कारण दोन महिन्यांत सगळा भार खांद्याच्या शिवणीवर येतो. जाड पुठ्ठ्यावर धुतलेले मांजरपाट ताणून त्यावर ती पसरा आणि तिरप्या फळीवर ठेवा. दोन महिने झाले की काढा. ठेवताना घड्यांमध्ये मांजरपाटाच्या सैल गुंडाळ्या घाला म्हणजे घडी मोडत नाही. डांबराच्या गोळ्यांऐवजी मी वेखंडाच्या कांड्या पुरचुंडीत बांधून ठेवतो आणि वर्षातून दोनदा कापड उघडून पाहतो. खरे रक्षण त्या उघडून पाहण्यानेच होते, वेखंड सोबतीला असते. चादरींना हेच नियम लावा. जुनी जकार्डची चादर जड असते, म्हणून भिंतीवर लावायची तर वरच्या कडेला सुती पट्टीची बोगदी शिवून तिच्यातून दांडा ओवावा. शक्य असेल तर ती कधीकधी उलटी करून लावा. त्याच नक्षीचे रंग मागच्या बाजूला अदलाबदल होऊन येतात, आणि आपल्या विणकरांचे डोके किती चालत होते ते पाहुण्याला न सांगता कळते.

तसबिरींपैकी एक रविवर्मा छापखान्याची असावी असा तुमचा अंदाज आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला; त्या चित्रांच्या नकला पुढे इतक्या निघाल्या की नाव पाहून विश्वास ठेवू नये. घड्याळजीकडचे दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणा आणि देवीच्या गालावर लावा. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या जुन्या छपाईत, रंगाचे ठिपके वेडेवाकडे, दाणेदार, वाळू सांडल्यासारखे दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ते सारख्या अंतरावर, फुलांच्या आकारात रांगेने बसलेले दिसतात. निकाल काहीही लागला तरी मागचा तपकिरी पुठ्ठा काढून घ्या, कारण त्यातल्या आम्लाने चित्राचा कागद ठिसूळ होतो. त्याच्या जागी आम्लविरहित माउंट (चित्रामागचा व भोवतीचा पुठ्ठा) घाला आणि काच कागदाला चिकटणार नाही इतकी फट ठेवा. चित्र कशावरही डकवू देऊ नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. मी उमेदवारीत असताना एक शिळाछाप गोंदाने प्लायवूडवर डकवले होते. पहिल्याच मेमध्ये गोंद आकसला आणि सरस्वतीच्या वीणेतून एक आडवी भेग गेली. जुनी चौकट आणि तिच्यामागचे दुकानाचे लेबल मात्र टाकू नका.

तसबीर टांगण्याची उंची पुस्तकांत जमिनीपासून मध्यापर्यंत १४५ ते १५० सेंटिमीटर दिलेली असते. ती उभ्याने पाहणाऱ्यांसाठी ठीक आहे. तुम्ही दिवाणावर बसून चहा घेताना तसबीर पाहणार असाल तर ती वीतभर खाली घ्या.

नाण्यांचे थोडक्यात: घासू नका, कडेला धरा, मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, कारण त्यांतून सुटणाऱ्या द्रव्याने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. तुमच्या डब्यात एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्र पति' अशी अक्षरे असलेली तांब्याची नाणी आहेत, त्या शिवराया आहेत. पण हा छाप महाराजांनंतर पेशवाईतही दीर्घकाळ चालू राहिला, म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्याच काळातली समजू नये, आणि कोणी तसे सांगून मोठी किंमत देऊ किंवा मागू लागला तर हसून निरोप द्यावा. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा घरोघरी आहे. नातवंडांना हातात द्यायला तोच चांगला.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावशेष ठरतात. त्या घरात बाळगायला हरकत नाही, पण जुन्या मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमचा मुलगा परदेशी असल्याने हे लिहिले. पेटीत हस्तिदंताचे काही निघाले तर ते विकण्याचा विचारही करू नका. त्याच्या व्यापारावर बंदी आहे.

आता मुलाचे म्हणणे. पसारा आणि संग्रह यांत एका वहीचे अंतर असते, असे माझे मत आहे. दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, तो सुती दोऱ्याच्या चिठ्ठीने वस्तूला बांधा आणि वहीत लिहा की ही काय आहे, लांबी-रुंदी-वजन किती, कुठे मोडली आहे, कोणाची होती, घरात कशी आली आणि हे तुम्हाला कोणी सांगितले. शेवटचा रकाना लोक टाळतात, पण ऐकीव आणि डोळ्यांनी पाहिलेले यांतला फरक त्यानेच राहतो. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातली भांडी पाहून या. दिनकर केळकरांनी, म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या माणसाने, अशाच घरगुती वस्तू गावोगाव फिरून गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. ज्या घरांतून त्या वस्तू आल्या त्यांतल्या अनेकांना तो पसाराच वाटला असणार.

वहीचे काम मुलगा सुटीत येईल तेव्हा त्याला बरोबर घेऊन करा. १४० वस्तूंना दिवसाला दहा या हिशेबाने दोन आठवडे लागतील. पहिल्या क्रमांकाला बिल्ला घ्या. तो त्याच्या तळहातावर ठेवा आणि त्यावरचा आकडा त्यालाच वाचायला सांगून वहीत त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.